पडद्याआडचा स्पीकर

१९९४ साली कॅलिफोर्नियातल्या हार्मन या कंपनीने आपल्याच चाळीस कर्मचाऱ्यांना स्पीकर ऐकायला बसवलं. जेबीएल, इन्फिनिटी, हार्मन कार्डन हे सगळे ब्रँड याच कंपनीचे. म्हणजे ऐकणारी माणसं या धंद्यातलीच होती. समोर चार स्पीकर ठेवले होते. त्यांतले दोन मोठे, महागडे आणि कंपनीचेच. दोघांत फरक होता तो फक्त आतल्या क्रॉसओव्हरच्या, म्हणजे खालचे आणि वरचे सूर वाटून देणाऱ्या भागाच्या, जुळणीचा. तिसरा प्रतिस्पर्धी कंपनीचा, साडेतीन हजार डॉलरहून अधिक किमतीचा आणि परीक्षकांनी नावाजलेला. चौथा होता हार्मनचाच, पण लहानशा प्लॅस्टिकच्या खोक्यांचा आणि सोबत सबवूफर असलेला स्वस्त संच.

चारही स्पीकर दोन प्रकारे ऐकवले गेले. एकदा ते डोळ्यांसमोर होते आणि एकदा पडद्याआड. स्पीकर दिसत होते तेव्हा मोठ्या, महागड्या जोडीला भरघोस गुण मिळाले आणि प्लॅस्टिकचा संच तळाला गेला. घरच्या मालाविषयीची आपुलकीसुद्धा त्याला वाचवू शकली नाही. पडदा ओढल्यावर महागड्या जोडीचे गुण घसरले आणि प्लॅस्टिकचा संच साडेतीन हजार डॉलरच्या स्पीकरच्या किंचित पुढे गेला.

या प्रयोगातली आणखी एक गोष्ट जास्त विचार करण्यासारखी आहे. स्पीकर खोलीत सरकवला की आवाज बदलतो, गाणं बदललं की स्पीकरचे वेगळे दोष उघडे पडतात. पडद्याआडून ऐकताना श्रोत्यांना हे बदल नेमके जाणवत होते. स्पीकर समोर दिसू लागल्यावर त्याच श्रोत्यांच्या गुणांत या बदलांचा मागमूस उरला नाही. डोळ्यांनी निकाल आधीच दिलेला होता आणि कानांनी काम थांबवलं होतं. प्रयोग करणाऱ्या फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह यांनी तो ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीच्या अधिवेशनात मांडला. घरासाठी परवडणारा स्पीकर घ्यायला निघालेल्या प्रत्येकाने तो माहीत करून घ्यावा, इतका तो मोलाचा आहे.

अपेक्षेने कानावर मात करण्याचा प्रकार जुनाच. १९१५ पासून पुढची काही वर्षं एडिसनची कंपनी अमेरिकेतल्या सभागृहांत जाहीर प्रात्यक्षिकं करत असे. गायिका ग्रामोफोनशेजारी उभी राहून गायची, दिवे मालवले जायचे, मधेच ती गाणं थांबवायची आणि तबकडी पुढे गात राहायची. फरक कळला नाही, असं प्रेक्षक सांगत. त्या काळच्या यंत्राच्या मर्यादा आज कोणीही तबकडी लावून ऐकू शकतो. अ‍ॅना केस या गायिकेने पुढे, उतारवयात, सांगितलं की ती आपला आवाज यंत्राच्या आवाजाशी जुळवून घेत असे.

मग आवाजाचा दर्जा ही निव्वळ आवडीनिवडीची गोष्ट आहे का? एकाला खर्ज आवडतो, दुसऱ्याला झगझगीत आवाज, त्यात मोजायचं काय, असं अनेकांना वाटतं. याच टूल यांनी त्याआधी कॅनडात या समजाला हात घातला होता. १९६५ मध्ये ते ओटावाच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलमध्ये रुजू झाले. तिथे आवाजाचे प्रतिध्वनी पूर्णपणे शोषून घेणारी खोली होती. एकीकडे त्या खोलीत स्पीकरची मोजमापं आणि दुसरीकडे साध्या खोलीत पडद्याआडून श्रोत्यांचे गुण, असं काम त्यांनी वर्षानुवर्षं केलं. १९८५-८६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधांनी या क्षेत्राची दिशाच बदलली. किंमत, आकार आणि नाव झाकलं की माणसांची पसंती आश्चर्य वाटावं इतकी एकसारखी निघते, हे त्यांत दिसलं. ज्यांची श्रवणशक्ती मंदावली होती, त्यांचे निकाल मात्र दर वेळी डळमळत होते.

श्रोत्यांना आवडत होतं ते कोणतंही खास वळण नसलेलं, सरळ वाजणं. खालच्या सुरापासून वरच्या सुरापर्यंत सगळे स्वर सारख्या जोराने देणारा स्पीकर लोक निवडत होते. त्यातही एक अट होती. समोर बसलेल्याला मिळतो तसाच समतोल आवाज स्पीकरने बाजूलाही फेकला पाहिजे. घरात आपल्या कानावर येणारा बराचसा आवाज भिंती, छत आणि फरशीवरून परतून येतो. समोर गोड आणि बाजूला कर्कश असा स्पीकर घरात कर्कशच ठरतो.

याच कौन्सिलच्या प्रयोगशाळेचा लाभ कॅनडातल्या पीएसबी, पॅराडाइम यांसारख्या कंपन्यांना मिळाला. मध्यम किमतीतले चांगले स्पीकर म्हणून त्यांचं नाव झालं त्यामागे ही शिस्त होती. टूल १९९१ मध्ये हार्मनमध्ये गेले, दोन वर्षांनी ऑलिव्हही गेले. पुढे नॉर्थरिजच्या प्रयोगशाळेत पडद्यामागचे स्पीकर हवेच्या दाबाने सरकवणारी यंत्रणा उभी राहिली. तीनेक सेकंदांत एक स्पीकर मागे जातो आणि दुसरा अगदी त्याच जागी येतो. जागेमुळे पडणारा फरक त्यामुळे निकालात शिरत नाही.

२००३ साली ऑलिव्ह यांनी २६८ श्रोत्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात कान तयार असलेले मोजके, बाकीचे विक्रेते, समीक्षक, विद्यार्थी. तयार कानाची माणसं कडक गुण देत होती आणि स्वतःच्या मताला जास्त पक्की होती. पण कोणता स्पीकर पहिला आणि कोणता शेवटचा, हा क्रम सगळ्यांचा जवळपास सारखाच आला. चांगला स्पीकर ओळखायला ‘सोन्याचे कान’ लागत नाहीत. सामान्य श्रोत्याला संधी आणि योग्य परिस्थिती दिली तर तो बरोबर निवडतो. ग्राहकाला धीर देणारा याहून चांगला पुरावा नाही.

पुढच्याच वर्षी त्यांनी ७० स्पीकरच्या मोजमापांवरून श्रोत्यांच्या पसंतीचं भाकीत करणारं सूत्र मांडलं. भाकीत आणि प्रत्यक्ष पसंती यांचा सहसंबंध ०.८६ आला. या सूत्रात किमतीला जागा नाही. मात्र त्यात खर्ज किती खोलवर जातो याचा वाटा सुमारे ३० टक्के आहे. स्वस्त आणि लहान स्पीकर कुठे कमी पडतात, याचं उत्तर या एका आकड्यात आहे.

त्यामागचं भौतिकशास्त्र सरळ आहे. स्पीकरचा कोन हवा ढकलतो. एक सप्तक खाली उतरून तेवढ्याच जोराचा स्वर काढायचा, तर कोनाला चौपट अंतर मागेपुढे हलावं लागतं. २०० हर्ट्झचा स्वर देताना एक मिलिमीटर हलणाऱ्या कोनाला १०० हर्ट्झला चार आणि ५० हर्ट्झला सोळा मिलिमीटर हलावं लागेल. चार इंची वूफरच्या हे आवाक्याबाहेरचं. एकतर आवाज कमी करावा लागतो, नाहीतर कोन फरफरतो. अमेरिकेतल्या जोसेफ अँटन हॉफमन यांच्या नावाने ओळखला जाणारा एक नियम अभियंते तोंडपाठ म्हणतात. खोल खर्ज, लहान खोकं आणि थोड्या विजेत मोठा आवाज, या तीनपैकी कोणत्याही दोनच गोष्टी एका वेळी मिळतात.

या चौकटीतही माणसांनी युक्त्या शोधल्या. एडगर विल्चर यांनी १९५४ साली बंद खोक्यातल्या हवेलाच स्प्रिंगचं काम दिलं आणि कपाटाएवढ्या स्पीकरचा खर्ज शेल्फवर मावणाऱ्या खोक्यात आणला. त्यांच्या कंपनीने फाइन आर्ट्स क्वार्टेट या चार वादकांच्या समूहाला मंचावर बसवून प्रत्यक्ष वादन आणि ध्वनिमुद्रण यांची अदलाबदल करून दाखवली. ऑस्ट्रेलियातल्या नेव्हिल थील यांनी १९६१ मध्ये आणि सिडनी विद्यापीठात काम केलेल्या रिचर्ड स्मॉल यांनी सत्तरच्या दशकात भोक असलेल्या खोक्याचं गणित बसवून दिलं. त्याआधी असं खोकं बनवणं अंदाजाचं काम होतं. आता वूफरचे मोजके आकडे हाती असले की खोक्याचा आकार आणि भोकाची लांबी कागदावर काढता येते. हे ज्ञान मोफत आहे, म्हणून स्वस्त स्पीकर चांगला असू शकतो.

त्याचं सर्वांत बोलकं उदाहरण अँड्र्यू जोन्स यांचं आहे. या ब्रिटिश अभियंत्याने टीएडी या जपानी कंपनीसाठी ६० हजार डॉलरहून अधिक किमतीची स्पीकरची जोडी घडवली होती. त्याच माणसाने २०१२ मध्ये पायोनिअरसाठी सुमारे १३० डॉलरची जोडी केली: चार इंची वूफर, एक इंची ट्वीटर, वळणदार बाजूंचं खोकं. या किमतीत बहुतेक कंपन्या ट्वीटरला एखादा कपॅसिटर जोडून मोकळ्या होतात. जोन्स यांनी त्यात सहा घटकांचा नीट क्रॉसओव्हर बसवला. वूफर आणि ट्वीटर यांनी एकमेकांची जागा कुठे सोडायची हे ठरवणारा हा भाग ग्राहकाला दिसत नाही, म्हणून काटकसर पहिल्यांदा तिथेच होते. तो स्पीकर समीक्षकांनी डोक्यावर घेतला. २०१५ मध्ये त्यांनी एलॅकसाठी २८० डॉलरची बी-६ ही जोडी केली, तीही तशीच गाजली.

पैसा जातो कुठे, हे यातून कळतं. महाग स्पीकरच्या किमतीचा मोठा भाग लाकूडकामात, चकाकीत, वजन वाहून नेण्यात आणि थोड्या संख्येत माल बनवण्यात जातो. मोठा वूफर, भक्कम खोकं आणि दणदणीत आवाज यांनाही पैसे पडतात, आणि ते योग्यच आहे. पण सरळ, समतोल वाजण्यासाठी लागते ती मुख्यतः मेहनत आणि मोजमाप. जेबीएलचा ३०५ हा पाच इंची, आत अ‍ॅम्प्लिफायर असलेला स्टुडिओ स्पीकर २०१३ मध्ये आला. ट्वीटरभोवतीची त्याची खास खळगी कंपनीच्या अतिशय महाग एम-२ या स्पीकरच्या अभ्यासातून उतरलेली होती. संशोधन एकदा झालं की ते प्लॅस्टिकच्या साच्यात ओतायला फारसा खर्च येत नाही.

आता खोक्यावरच्या आकड्यांकडे वळू. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तापकीर गल्लीत उभं राहिलं की खोक्याखोक्यावर पीएमपीओ हे चार अक्षरांचं बिरुद आणि त्याआधी हजारांतला आकडा छापलेला दिसत आला आहे. या पीएमपीओची मोजण्याची कोणतीही सर्वमान्य पद्धत नाही. ज्याला जो वाटेल तो आकडा छापता येतो. पडताळा मात्र अगदी सोपा आहे. स्पीकरच्या पाठीवर किंवा अडॅप्टरवर तो किती वीज घेतो हे लिहिलेलं असतं. पाच व्होल्ट आणि एक अँपिअरच्या यूएसबी तारेवर चालणाऱ्या स्पीकरला सतत पाच वॉटपेक्षा जास्त ताकद मिळूच शकत नाही, मग खोक्यावर काहीही छापलेलं असो. ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियम दुकानातही लागू असतो.

अमेरिकेत फेडरल ट्रेड कमिशनने १९७४ सालीच अ‍ॅम्प्लिफायरचे वॉट कसे मोजायचे याचा नियम केला आणि २०२४ मध्ये तो आणखी नेमका केला. आपल्याकडच्या ग्राहकाने निदान आरएमएस, म्हणजे सतत देता येणारी ताकद, असं लिहिलेला आकडा पाहावा. त्यातही फार गुंतून पडू नये. वॉट दुप्पट झाले तर आवाज केवळ तीन डेसिबलने वाढतो. कानाला आवाज दुप्पट वाटायला साधारण दहा डेसिबल, म्हणजे दहापट वॉट लागतात. ५० वॉट आणि १०० वॉट यांतला फरक बैठकीच्या खोलीत जेमतेम जाणवतो. एका वॉटला एक मीटरवर ८७ डेसिबल देणारा स्पीकर असेल, तर रोजच्या ऐकण्याला एखादा वॉटही पुरतो.

आकड्यांवर विसंबण्याचा तोटा एका बंगाली क्रांतिकारकाच्या मुलाने १९५६ मध्ये अनुभवला होता. अमर बोस यांचे वडील नोनी गोपाल बोस स्वातंत्र्यलढ्यातून निसटून अमेरिकेत गेले होते. मुलगा एमआयटीत शिकला. शिक्षण संपत आलं असताना त्याने कागदावरचे आकडे पाहून उत्तमातला संगीत संच विकत घेतला आणि तो ऐकून निराश झाला. सभागृहात श्रोत्यापर्यंत पोचणारा बहुतांश आवाज परावर्तित असतो, या विचारावर त्याने पुढे नऊ स्पीकरची ९०१ ही रचना केली. १९६८ मध्ये बाजारात आलेल्या या खोक्यातले आठ स्पीकर भिंतीकडे तोंड करून होते. ही रचना सर्वांना पटली नाही, पटणारही नव्हती. पण त्या काळी छापले जाणारे आकडे कानाला काय ऐकू येईल ते सांगत नाहीत, हा बोस यांचा आक्षेप खरा होता. टूल यांनी नंतर केलं ते हेच: कानाशी जुळतील असे आकडे शोधून काढले.

घरी किंवा दुकानात स्पीकर पारखायचा तर तो काय वाजवून पारखायचा? टूल आणि ऑलिव्ह यांनी १९८८ मध्ये स्पीकरच्या अनुनादांवर, म्हणजे एखाद्या स्वराला नको तितका उठाव देण्याच्या दोषावर, काम प्रसिद्ध केलं. हा दोष एकट्या आवाजापेक्षा भरगच्च आणि सलग आवाजात लवकर पकडला जातो. सर्वांत उपयोगी ठरतो तो ‘पिंक नॉइज’, ज्यात सगळ्या सप्तकांची ताकद सारखी असते. तो पत्र्यावरच्या संततधार पावसासारखा ऐकू येतो. दोन स्पीकरवर तो आळीपाळीने लावला की एक नाकात बोलतोय किंवा दुसरा पिंपातून येतोय, हे नवख्यालाही कळतं. तो फोनवर फुकट मिळतो.

मराठी घरात याहून चांगलं एक साधन जुनंच आहे. तंबोरा. सलग चालणारा, स्वरांनी गच्च भरलेला, आणि ज्याचा खरा आवाज हजारोंनी मैफलीत जवळून ऐकला आहे असा. मिरजेच्या कारागिरांनी घडवलेल्या तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. त्याच्या झंकाराचं विज्ञान सी. व्ही. रामन यांनी शंभर वर्षांपूर्वीच उलगडलं होतं. घोडीचा पृष्ठभाग किंचित गोलसर असतो आणि तारेखाली जवारीचा धागा असतो. त्यामुळे सुटलेली तार घोडीला पुन्हा पुन्हा टेकत राहते आणि वरच्या स्वरांशांची, म्हणजे मूळ स्वराच्या पटीतल्या सुरांची, रांगच जन्माला येते. तार जिथे छेडल्यावर एखादा स्वरांश उमटूच नये अशी जागा असते, तिथे छेडूनही तंबोरा तो स्वरांश देतो, हे रामन यांनी १९२१ मध्ये दाखवलं.

म्हणून तंबोरा स्पीकरची तपासणी करतो. स्वरांशांची ही रांग काही हजार हर्ट्झपर्यंत जाते. स्पीकर मधेच कुठे उसळत असेल तर एखादा स्वरांश बोचऱ्या तारेसारखा वेगळा बाहेर येतो. कुठे खचत असेल तर जवारी बंद झाल्यासारखी वाटते. खर्जाची तार आणखी एक गोष्ट सांगते. काळी एकच्या मर्दानी तंबोऱ्यात तिचा मूळ स्वर सुमारे ६९ हर्ट्झचा असतो. तळहाताएवढा ब्लूटूथ स्पीकर तो देऊच शकत नाही, तरी खर्ज ऐकू येतो. कारण १३८, २०७, २७६ अशा वरच्या स्वरांशांवरून मेंदू हरवलेला पाया स्वतः भरून काढतो. अनेक लहान स्पीकर आतल्या चिपच्या मदतीने मेंदूच्या याच सवयीचा फायदा घेतात. सूर कळतो, पण खर्जाने खोली भरल्याची जाणीव येत नाही. तबल्याचंही तसंच. दायाँवरच्या शाईमुळे त्याचे स्वरांश सुरेल होतात, हे रामन आणि शिवकाली कुमार यांनी १९२० मध्ये ‘नेचर’मध्ये मांडलं. चांगल्या स्पीकरवर किनारीचा बोल टोकदार येतो आणि डग्ग्याचा घुमारा वर चढताना प्रत्येक टप्प्यावर सारखाच राहतो. वाईट स्पीकरवर घुमाऱ्याचा एकच सूर धप्पकन मोठा होतो आणि बाकीचे नाहीसे होतात. हा प्रकार भरदार बेस म्हणून विकला जातो. तो बेस नाही, दोष आहे.

त्यानंतर एखाद्या पुरुषाचं साधं बोलणं लावावं, बातम्या किंवा भाषण. माणसाचा आवाज कसा असतो हे कानाला जन्मापासून माहीत असतं. छातीत घुमणारा, ‘स’ आणि ‘श’ला शिट्टी मारणारा स्पीकर इथे लगेच उघडा पडतो. शेवटी ढोलकी, तुणतुणं, मंजिरी, पेटी आणि गळा एकदम असलेली लावणी. या गर्दीत प्रत्येक वाद्य वेगळं काढता आलं तर स्पीकर जमला.

ही ओळखीची ध्वनिमुद्रणं कोणीतरी, कुठल्यातरी स्पीकरवरच ऐकून घडवलेली असतात, ही एक अडचण राहते. टूल तिला गोंधळाचं वर्तुळ म्हणतात. यामाहाने १९७८ मध्ये घरासाठी काढलेला एनएस-१० घरांत फारसा चालला नाही, पण पांढऱ्या कोनचा तोच स्पीकर जगभरच्या स्टुडिओंत मिश्रणाच्या टेबलावर जाऊन बसला आणि असंख्य गाणी त्याच्यावर ऐकून पक्की झाली. म्हणून एका गाण्यावर निकाल देऊ नये. जो दोष प्रत्येक गाण्यात पुन्हा भेटतो, तो स्पीकरचा.

तुलना करताना आवाजाची पातळी सारखी करणं सर्वांत महत्त्वाचं आहे, आणि नेमकं तेच दुकानात होत नाही. दोन स्पीकरमधला एक डेसिबलभर मोठा असला तर तो मोठा वाटत नाही, चांगला वाटतो. शिवाय बेल लॅबोरेटरीजच्या फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्येच दाखवलं की आवाज कमी केला की कानाला खर्ज फार वेगाने कमी ऐकू येतो. दुकानात जोरात वाजवून भरदार वाटलेला स्पीकर रात्री घरी हळू आवाजात सपाट वाटतो तो यामुळे. फोनवरचं आवाज मोजणारं अ‍ॅप अचूक नसलं तरी तुलनेला पुरेसं आहे. पिंक नॉइज लावावा, बसण्याच्या जागी फोन ठेवावा, दोन्ही स्पीकर सारख्या आकड्यावर आणावेत. मग पातळ सुती ओढणी दोन्हींवर टाकून दुसऱ्या कोणाला तरी अदलाबदल करायला सांगावं. जाड चादर नको, ती वरचे सूर गिळते. कान तयार करण्याची हौस असेल तर हार्मनचं ‘हाऊ टू लिसन’ हे सराव सॉफ्टवेअर विनामूल्य काढलेलं आहे.

एवढं करून आणलेला स्पीकर घरात वेगळाच वाजू शकतो. खालच्या दोन-तीन सप्तकांत, साधारण ३०० हर्ट्झच्या खाली, स्पीकरपेक्षा खोलीचीच सत्ता जास्त चालते. समोरासमोरच्या भिंतींमध्ये लाटा अडकतात. दहा बाय बारा फुटांच्या खोलीत हे अडकलेले सूर सुमारे ५७ आणि ४७ हर्ट्झला येतात. दहा बाय दहाच्या खोलीत दोन्ही दिशांचे सूर एकाच ठिकाणी जमतात, म्हणून चौरस खोली खर्जाला वाईट. स्पीकर कोपऱ्यात गेला की खर्ज फुगतो. भिंतीपासून हातभर पुढे घेतला की बहुधा मोकळा होतो, आणि त्याला खर्च शून्य. शोकेसच्या वरच्या फळीवर, छताजवळ ठेवलेल्या स्पीकरला न्याय मिळत नाही; ट्वीटर बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीवर हवा. गुळगुळीत फरशी, काचेच्या खिडक्या आणि उघड्या भिंती यांची खोली आवाजाला कर्कश करते. सतरंजी, जाड पडदे, पुस्तकांची कपाटं आणि गादीचा दिवाण ती शांत करतात.

सबवूफर कुठे ठेवावा यासाठी अभियंत्यांची एक पद्धत घरात करून पाहण्यासारखी आहे. तो उचलून थेट सोफ्यावर, स्वतःच्या बसायच्या जागी ठेवायचा, खर्जाचं वादन लावायचं आणि भिंतीकडेने वाकून फिरायचं. जिथे खर्ज एकसारखा ऐकू येईल ती सबवूफरची जागा. लाट इकडून तिकडे आणि तिकडून इकडे सारखाच प्रवास करते, म्हणून ही उलटी चाचणी खरी ठरते.

लहान बजेटमध्ये कुठे तडजोड करावी? खोल खर्जावर करावी, समतोलावर करू नये. पाच इंची वूफरची, साध्या दिसण्याची, नीट क्रॉसओव्हर असलेली दोन खोकी ही पाच लुकलुकत्या खोक्यांच्या आणि गडगडणाऱ्या सबवूफरच्या होम थिएटरपेक्षा गाण्याला नेहमीच सरस. खर्ज नंतर सबवूफर जोडून वाढवता येतो. मधल्या सप्तकातला दोष मात्र घरात आला की राहतो. इक्वलायझर समोरचा आणि बाजूला फेकला जाणारा आवाज सारखाच बदलतो, दोघांतली तफावत मिटवत नाही.

स्पीकरभोवती आडव्या आणि उभ्या दिशेने दर दहा अंशांवर, एकूण ७० ठिकाणी मोजमाप घेऊन चारपाच रेघांचा आलेख काढण्याची पद्धत अमेरिकेत २०१३ पासून प्रमाण म्हणून छापलेली आहे. तिच्या मुळाशी ओटावाचंच काम आहे. जर्मनीतल्या ड्रेस्डेनच्या क्लिपेल कंपनीचं यंत्र आता साध्या खोलीतही ही मोजमापं घेतं, त्यासाठी प्रतिध्वनीहीन खोली बांधावी लागत नाही. समोरच्या आवाजाची रेघ जितकी सपाट आणि बाकीच्या जितक्या सुरळीत, तितका स्पीकर चांगला. शाळकरी मुलालाही वाचता येईल इतका हा आलेख सोपा आहे. भारतात स्पीकर विकणाऱ्या प्रत्येक कंपनीने पीएमपीओचा आकडा काढून त्या जागी हा आलेख छापावा. आणि तो छापला जाईपर्यंत ग्राहकांनी दुकानात पैसे मोजण्याआधी दोनच गोष्टी मागाव्यात: या स्पीकरचा आलेख, आणि पसंत न पडल्यास परत करण्याची मुदत.